पेटी भंगारात, कागद पाण्यात

आजीची पत्र्याची पेटी बाबांनी २०१५ साली भंगारवाल्याला तीनशे रुपयांना दिली. सागवानी पलंग त्याच्या आधीच गेला होता. तो उचलायला चार माणसं लागायची आणि खाली दोन पेट्या नि तांदळाचा डबा सहज मावेल एवढा तो उंच होता. त्याच्या जागी ड्रॉवरवाला बॉक्स-बेड आला. पांढरा, गुळगुळीत, जाहिरातीत असतो तसा. परळची आमची तळमजल्यावरची खोली एकदम मोकळी दिसायला लागली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पेटीतले कागद बेडच्या सर्वांत खालच्या ड्रॉवरमध्ये गेले.

२९ ऑगस्ट २०१७ ला दुपारी पाणी भरायला लागलं. हिंदमाताच्या आसपास वाढलेल्यांना पाण्याचं कौतुक नसतं. ते गल्लीत येतं, उंबरठ्याला लागतं, भरती ओसरली की उतरतं. त्या दिवशी ते उंबरठ्याशी थांबलं नाही. संध्याकाळपर्यंत खोलीत गुडघाभर पाणी होतं. आम्ही टीव्ही माळ्यावर टाकला, सिलिंडर ओट्यावर चढवला, धान्याचे डबे वरच्या शेजाऱ्यांकडे पोचवले. कागद आठवले तोवर ड्रॉवर उघडेना. भुशाची फळी पाणी पिऊन फुगली होती आणि ड्रॉवर आपल्याच खोक्यात घट्ट रुतून बसला होता. दुसऱ्या दिवशी बाबांनी तो पहारीनं फोडला. आत आजोबांच्या नावच्या भाडेपावत्यांचा लगदा होता.

गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. पागडीच्या खोलीत राहणारा माणूस मालक नसतो, भाडेकरू असतो. त्याचा हक्क कागदांवर उभा असतो : जुन्या भाडेपावत्या, रेशनकार्ड, वीजबिल, मतदारयादीतलं नाव. इमारत पुनर्विकासाला निघाली की पात्र कोण, अपात्र कोण हे ठरवताना तेच मागतात. पुढची दोन वर्षं बाबा जुनी बिलं, याद्यांचे उतारे, प्रतिज्ञापत्रं गोळा करत फिरले. शेवटी काम झालं. पण तीनशे रुपयांत आपण काय विकलं होतं, हे त्या दोन वर्षांत घरातल्या सगळ्यांना नीट कळलं.

म्हणून हा लेख 'आमच्या चाळीतले ते दिवस' या जातीचा नाही. चाळीतले दिवस मला माहीत आहेत. सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहण्यात काही काव्य नव्हतं. माझं म्हणणं साधं आहे. संकटाच्या तयारीच्या नावानं आज आपल्याला जे विकलं जातंय त्यातलं बरंचसं बिनकामाचं आहे. आणि जी तयारी आपल्या घरात आधीच होती, ती आपण किलोच्या भावानं विकून टाकतोय.

'आपल्याकडे कुठे पूर येतो?'

दक्षिण मुंबईला एक जुना गैरसमज आहे : संकटं उपनगरांत घडतात. त्याला कारणही आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३. गिरगावातल्या कित्येकांनी तो प्रलय टीव्हीवर पाहिला.

मग ५ ऑगस्ट २०२० आला. कुलाब्यात २४ तासांत सव्वातीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. कधी न तुंबणारे चर्नी रोड, मरीन लाइन्सचे रस्ते पाण्याखाली गेले. २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला आणि कुलाब्यात मे महिन्याच्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला. त्या दिवशी वरळीचं आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रो स्टेशन पाण्यात गेलं. ते सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते.

संकट म्हणजे फक्त पाणीही नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. जी मुंबई 'आमच्याकडे वीज जातच नाही' म्हणून मिरवायची, तिच्या घराघरांत मेणबत्ती कुठे आहे यावर भांडणं झाली. काडेपेटीही नव्हती, कारण शेगडी लायटरनं पेटते. मुंबई भूकंपाच्या नकाशावर तिसऱ्या विभागात गणली गेली आहे आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का इथल्या जुन्या लोकांच्या आठवणीत आहे. आगींबद्दल पुढे बोलूच.

हे सगळं घाबरवण्यासाठी नाही. इथे राहायचं तर वर्षातून एखादा दिवस असा येणार की त्या दिवशी आपल्या घरात जे आहे तेवढंच आपलं. त्या दिवशी घरात काय असावं, एवढाच प्रश्न आहे.

दहा मिनिटांत येणारी तयारी

या प्रश्नाला आजचं लाडकं उत्तर म्हणजे ॲप. टॉर्च, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, पॉवरबँक, सगळं दहा मिनिटांत दारात. मग साठवायचं कशाला?

ज्या दिवशी तुम्हाला गरज असते, त्या दिवशी गरज सगळ्या गल्लीला असते. रस्ता बंद असतो, मोबाईलचं नेटवर्क लंगडत असतं, पैसे जात नाहीत. आणि समजा, तरीही एखादी ऑर्डर स्वीकारली गेली, तर ती घेऊन येतो तो कोण असतो? कंबरभर पाण्यातून, खाली रस्ता आहे की उघडं मॅनहोल आहे हे न दिसता, तुमची बिस्किटं डोक्यावर धरून चालणारा वीस-बावीस वर्षांचा पोरगा. २९ ऑगस्ट २०१७ लाच प्रभादेवीत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर गाडीतून उतरून घराकडे पायी निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. त्यांचा मृतदेह वरळीला मिळाला. हे ठाऊक असताना तुंबलेल्या परळमध्ये मेणबत्त्या मागवणं म्हणजे आपल्या आळसाची किंमत दुसऱ्याच्या जिवावर टाकणं आहे. याला सोय म्हणू नका.

दुसरं उत्तर म्हणजे 'इमर्जन्सी किट'. लाल पिशवी, तीत छोटा टॉर्च, छोटी शिट्टी, छोटी कात्री, पातळ चंदेरी चादर. घेतली की बरं वाटतं. मग ती कपाटावर जाते, टॉर्चमधले सेल फुटून गंज चढतो आणि गरजेच्या दिवशी ती पिशवीच सापडत नाही. वाईट म्हणजे ती बाळगून आपल्याला तयारी झाल्यासारखं वाटतं. तयारी रोजच्या वापरात असावी लागते. आजीचं पिंप संकटासाठी ठेवलेलं नव्हतं. ते रोज भरायचं म्हणून संकटाच्या दिवशीही भरलेलं असायचं.

फुगणारं लाकूड, न फुगणारं लाकूड

आता फर्निचरकडे येऊ, कारण घरातलं सर्वांत मोठं सामान तेच आणि सर्वांत मोठी फसवणूकही त्यातच.

ऑनलाइन मिळणारं स्वस्त फर्निचर बहुतेक पार्टिकल बोर्डचं किंवा एमडीएफचं असतं. लाकडाचा भुसा, तुकडे किंवा तंतू रसायनात कालवून दाबलेली फळी आणि वरून चकचकीत कागद. कोरड्या घरात ती आपलं काम करते. पण कडेनं पाणी आत शिरलं की ती फुगते आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. तिच्यातले स्क्रूही एकदाच नीट धरतात. एकदा खोलून पुन्हा जोडलं की भोकं मोठी होतात आणि कपाट डुलायला लागतं.

मुंबईतल्या तरुण भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा असतो. म्हणजे जे फर्निचर दोन वेळा घर बदलू शकत नाही, ते अशा माणसाला विकलं जातंय ज्याला दर वर्ष-दोन वर्षांनी घर बदलायचं आहे. हिशोब त्यांचा बरोबर आहे. चुकतोय तो आपला.

जुन्या सागवानाच्या पलंगाचं उलट आहे. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तो ओलाव्याला आणि वाळवीला बऱ्यापैकी तोंड देतो. सांधे खाच पाडून लाकडात लाकूड बसवलेले असतात, किंवा नट-बोल्टचे असतात. पाना घेऊन चार बोल्ट काढा, पलंग भिंतीला टेकवा, टेम्पोत टाका, नव्या घरी पुन्हा जोडा. पाण्यात चार तास उभा राहिला तर पाय काळवंडतील, पॉलिश जाईल. पुसा, सावलीत वाळवा, सुतार बोलवा. पलंग तुमच्या मुलांपर्यंत पोचेल.

आणि तो उंच असतो. त्या उंचीला आपण 'जुनाट' म्हणून नाकं मुरडली. २०१७ च्या त्या रात्री आमच्या शेजारच्या काकूंच्या पलंगावर सहा माणसं आणि एक तान्हं बाळ बसून होतं. आमच्या बॉक्स-बेडची गादी खालून ओली झाली होती.

पोलादी कपाटाचंही तसंच. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपं बनवायला सुरुवात केली ती याच लालबागमध्ये, एका शेडमध्ये. पोलादी कपाटं कारखान्यातून यायला लागली १९२३ साली. पुढे गिरणगावातल्या घराघरांत लग्नात कपाट आलं, मग ते कोणत्याही कंपनीचं असो, त्याला नाव 'गोदरेज'च. आज त्याच लालबागमध्ये ते कपाट जिन्यावरून खाली उतरतं आणि भंगारवाला त्याला वजनकाट्यावर चढवतो. रंग उडालेला असतो. पत्रा, बिजागऱ्या आणि कुलूप शाबूत असतात. त्याच दिवशी वर चार मोठी पुठ्ठ्याची खोकी चढत असतात.

'पण जागा कुठे आहे?'

सर्वांत खरा आक्षेप हा आहे, आणि त्याला उडवून लावणार नाही. माणशी चाळीस चौरस फुटात जगणाऱ्याला 'सागवानी पलंग घ्या' सांगणं सोपं असतं.

पण आठवून बघा, हे सामान बनलं होतं कुठल्या घरांसाठी? बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तीत सात-आठ माणसं राहायची, गावचे पाहुणे वेगळे. बंगल्यासाठी केलेलं कोरीव सामान वेगळं, आणि या खोल्यांसाठी केलेलं वेगळं. उंच पलंग कारण खाली पेट्या. बाक, ज्याची फळी उचलली की आत अंथरुणं. घडीची लोखंडी खाट. पाट, जे जेवण झालं की भिंतीला उभे. चौरंग, जो पूजेलाही चाले आणि बल्ब बदलायलाही. स्टूल, ज्यावर चढायचं, बसायचं आणि पाणी आलं की सामान ठेवायचं. यातली एकही वस्तू एकाच कामाची नाही. आज आपण घेतो तो सोफा तीनशे फुटांच्या घरात तीस फूट खातो आणि त्याखाली हातही जात नाही.

म्हणजे जागा नाही म्हणून जुनं सामान गेलं, हे पूर्ण खरं नाही. ते गेलं कारण त्याची लाज वाटायला लागली. नव्या टॉवरमध्ये पेटी नेली तर बिल्डरचे लोक काय म्हणतील, सून काय म्हणेल, फोटोत कसं दिसेल. आता मजा बघा. ज्या वस्तूची चाळीतल्या माणसाला लाज वाटली, तीच पेटी घासूनपुसून कुठल्यातरी कॅफेत टेबल म्हणून उभी आहे आणि आपण तिच्यावर तीनशे रुपयांची कॉफी ठेवून फोटो काढतोय. बाबांना अख्ख्या पेटीचे तीनशे मिळाले होते.

चाळीसाव्या मजल्यावर

'आम्ही आता टॉवरमध्ये चाललो, तिथे पाणी येणार नाही,' असं म्हणणाऱ्यांचं अभिनंदन, मनापासून. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळीही त्याच वाटेवर आहेत. शंभर वर्षं वाट पाहिलेल्या लोकांचं हे घर आहे, त्यात खोट काढायची नाही.

पण चाळीसाव्या मजल्यावर संकट वेगळ्या रूपात येतं. पंप बंद तर नळ कोरडा. लिफ्ट बंद तर आजी घरात कोंडली. चाळीत खाली जाऊन दोन कळश्या आणता यायच्या, इथे नाही. म्हणून पाणी भरून ठेवायची सवय टॉवरमध्येच जास्त हवी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज पाच लिटर धरा. चार माणसं, तीन दिवस, साठ लिटर. झाकणाचं स्टीलचं पिंप आणि दोन तांब्या-पितळेच्या कळश्या यात हे बसतं. झाकण घट्ट हवं आणि पाणी रोज वापरून बदलायला हवं, नाहीतर डेंग्यूचे डास तुमचीच तयारी वापरतील.

आगीचं बोलायचं राहिलं होतं. २२ ऑगस्ट २०१८ ला परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली. चार जणांचा जीव गेला. धुरात अडकलेल्या शेजाऱ्यांना दहा वर्षांच्या एका मुलीनं सुती कपड्याचे तुकडे करून, ओले करून वाटले आणि नाकातोंडाला धरून श्वास घ्यायला लावला. शाळेत शिकलेलं तिला ऐन वेळी आठवलं. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओलं फडकं विषारी वायू अडवत नाही, पण काजळी अडवतं आणि बाहेर पडायला वेळ देतं. त्या दिवशी कामाला आलं ते जुनं सुती कापड. तुमच्या घरात आज एक तरी धड सुती जुनेर आहे का? की सगळं पॉलिस्टर, जे आगीत वितळून कातडीला चिकटतं? आजोबांचं लोकरी घोंगडं सहज पेट घेत नाही. तेही गेलं असेल, कुणाला तरी 'वास येतो' म्हणून.

जुनं म्हणजे सोनं नाही

इथवर वाचून कुणी सरसकट जुनं उचलायला निघालं असेल तर थांबा. काही वस्तू जुन्या घेणं हा मूर्खपणा आहे.

गॅसची नळी आणि रेग्युलेटर कधीही जुने घेऊ नका. नळी तर नवी घेतलेलीही पाच वर्षांनी बदलायची असते. आगविझवणी नळकांडी, हेल्मेट, दोर, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि विजेच्या वायरी नव्याच हव्यात. यांचं आतून काय झालंय हे बाहेरून दिसत नाही. गाद्या नकोत, ढेकूण फुकट येतात. रस्त्याकडेला मिळणारे निळे प्लास्टिकचे ड्रम पिण्याच्या पाण्याला अजिबात नकोत. त्यांत आधी कुठलं रसायन होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. रॉकेलचा कंदील शोभेला ठेवा. बंद खोलीत रात्रभर जाळायची वस्तू ती नव्हे, चांगला टॉर्च नवा घ्या.

जे घ्यायचं ते तपासून. पलंग किंवा कपाट खालून बघा, वरून सगळेच पॉलिश करतात. पायाशी पिठासारखा भुसा पडला असेल तर किडा आत आहे. किल्लीच्या टोकानं खालच्या बाजूला टोचून बघा. लाकूड मऊ लागलं, ठोकल्यावर पोकळ वाजलं, तर सोडा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि त्याची मागची फळी बघा. पुढे साग आणि मागे भुशाची फळी ही जुनी चलाखी आहे. पलंग तिरका दाबून हलवा. करकरला तर सांधा आवळता येतो, लचकला तर सांधा गेला.

पोलादी कपाटाचा तळ आधी बघा, गंज तिथून चढतो. कुलूप दोनदा लावून उघडा, दोन्ही किल्ल्या मागा. पेटी उघडून उन्हाकडे धरा. बारीक भोकांतून उजेड आला तर पाणीही येणार. तांब्या-पितळेची भांडी स्वयंपाकाला वापरणार असाल तर आधी कल्हई करून घ्या.

घरी आल्यावर दोन कामं. जुन्या चाळीत लाकडी तक्तपोशी असेल तर जड कपाट खोलीच्या मधोमध ठेवू नका, भिंतीलगत ठेवा. उंच कपाट भिंतीला पट्टी ठोकून बांधा. आणि तळमजल्यावर राहत असाल तर पेटी विटांवर ठेवा. आजी दोन विटांवर ठेवायची. तळाला हवा लागते, असं ती म्हणायची. पाण्याचं ती बोलली नव्हती, पण तिनं परळमध्ये पन्नास पावसाळे काढले होते.

घ्यायचं कुठून

चोरबाजार सगळ्यांना माहीत आहे. गिरगावातून सी. पी. टँक, नळबाजार ओलांडला की मटन स्ट्रीट. शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात, पहाटेचा रस्त्यावरचा बाजार मात्र शुक्रवारचाच. हत्यारं, पाने, पहार, बिजागऱ्या यांसाठी जा. फर्निचरला तिथे आता 'अँटिक'चा भाव लागतो. मोठ्या सामानाला कुर्ल्याची किंवा ओशिवऱ्याची जुन्या फर्निचरची दुकानं बरी.

पण खरा बाजार तुमच्याच गल्लीत आहे. गिरगावच्या वाड्यांत, दादरला, लालबाग-परळला दर महिन्याला कुठली ना कुठली इमारत रिकामी होतेय. खोल्या खाली करायची तारीख आली की दोन दिवसांत सगळं फुंकायचं असतं. तिथे भंगारवाल्याच्या आधी पोचा. वॉचमनला, मंडळाच्या पोरांना विचारून ठेवा.

आणि घासाघीस करू नका. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाख कामगारांच्या घरांतून आधी डाळ-तांदूळ संपले आणि मग भांडी बाहेर पडली. हंडे, पराती, कळश्या मोडीत गेल्या. ज्यांनी त्या घेतल्या त्यांनी स्वस्तात घेतल्या. म्हणजे गिरणगावातल्या माणसाला जुन्या सामानाचा बाजार काउंटरच्या दुसऱ्या बाजूनं माहीत आहे. प्रत्येक जुनी वस्तू कुणाच्या तरी निघून जाण्यातून आपल्यापर्यंत येते. भंगारवाला देतो त्याच्या दुप्पट दिले तरी दुकानापेक्षा ती स्वस्तच पडते. ते दुप्पट द्या.

'हे सगळं आम्हीच करायचं?'

शेवटचा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. पाणी तुंबू नये हे महापालिकेचं काम, इमारत पडू नये हे मालकाचं आणि म्हाडाचं. मग आम्ही पेट्या कशाला विटांवर ठेवायच्या?

खरं आहे. ३१ ऑगस्ट २०१७ ला, त्या पावसानंतर दोनच दिवसांनी, भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. कुठलाही सागवानी पलंग त्यांना वाचवणार नव्हता. इमारत धोकादायक ठरली असेल तर पर्याय मागा, भांडा आणि बाहेर पडा. म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी काढतं, ती वाचा. विटांवरची पेटी हे खराब नाल्याचं उत्तर नाही आणि 'नागरिकांनी सज्ज राहावं' असं म्हणून कुणी हात झटकू लागला तर त्याला तिथल्या तिथे अडवा.

पण भांडायलाही कागद लागतात. संक्रमण शिबिरात वीस-वीस वर्षं काढलेल्या माणसाला विचारा, त्याच्याकडे सर्वांत जपलेली वस्तू कुठली. तो एक पिशवी दाखवेल, किंवा पेटी. व्यवस्थेशी लढायचं असेल तर पावत्या कोरड्या हव्यात. स्कॅन करून फोनमध्ये ठेवा, जरूर ठेवा. पण मूळ प्रत मागितली की फोन दाखवून चालत नाही, हे आम्ही दोन वर्षं अनुभवलंय.

गेल्या मे महिन्यात लालबागला एक चाळ रिकामी होत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडून मी एक पेटी घेतली. काळी, जाड पत्र्याची, झाकणावर पांढऱ्या रंगात गावचा पत्ता लिहिलेला, मु. पो. पासून. भंगारवाल्यानं साडेतीनशे सांगितले होते, मी सातशे दिले. त्या काही बोलल्या नाहीत. जिन्यापर्यंत आल्या आणि मग विचारलं, "काय ठेवणार गं तिच्यात?"

"कागद," मी म्हटलं.

"मग तळाला डांबरगोळ्या टाक. आणि खाली विटा ठेव."

पेटी आता माझ्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली आहे, दोन विटांवर. घरमालकाचा करार पुढच्या फेब्रुवारीत संपतो. तेव्हा बाकी काय न्यायचं ते बघू. आज रात्री तुम्ही एवढंच करा : घरात विचारा, आपले कागद कुठे आहेत. 'खालच्या ड्रॉवरमध्ये' असं उत्तर आलं तर पावसाळ्याची वाट बघू नका.